सरस्वतीच्या दिवशी चालू राहिलेली पेटी

मित्रांनो, जरा मान वर करा. कॅन्टीनच्या भिंतीवर, देव्हाऱ्याच्या डाव्या हाताला, धुराने पिवळी पडलेली ताटलीएवढी चपटी पेटी दिसते ना? पोटावर एवढासा दिवा आहे. ती मी. जुनी आहे, पण मोडीत निघालेली नाही, हे आधीच सांगून ठेवते. या टेकडीवरच्या विद्यापीठात जो कोणी शिकून मोठा झाला, त्याचं निम्मं शिक्षण माझ्यातून गेलं आहे. मी वायफायची पेटी आहे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे मागाहून कोणी नाक मुरडायला नको. मला लिहिता-वाचता येत नाही. प्रबंध, निकाल, प्रेमाच्या चिठ्ठ्या, आईला पाठवलेले जेवणाचे फोटो, सगळं माझ्यातून जातं, पण गुंडाळून आणि कुलूप लावून जातं. आत काय आहे ते मला कळत नाही. कळून घ्यायची हौसही नाही. ज्याचं त्याला नेऊन द्यावं आणि पुढच्याकडे बघावं, एवढंच मला येतं. पण ते असं येतं की माझ्यानंतर आलेल्या गोऱ्यापान पेट्यांनी दोन दिवस माझ्याजवळ बसून शिकावं.

माझा जन्म व्हिएतनाममधल्या एका कारखान्यात झाला. पांढऱ्या टोपीतल्या एका मुलीने माझ्या पोटात तांब्याच्या पातळ पट्ट्या बसवल्या, झाकण दाबलं आणि ती पुढच्या पेटीकडे वळली. आईचं तोंड मी एवढंच पाहिलं. मग खोक्यात बसून समुद्रावरून बाली बेटावर आले आणि गोदामात अंधारात पडून राहिले. एके दिवशी खोकं उघडलं, तर समोर ब्ली पासेक. ब्ली म्हणजे आमच्याकडे दादा. विद्यापीठाच्या संगणक विभागातला माणूस, कानामागे चाफ्याचं फूल आणि कमरेला स्क्रूड्रायव्हर. त्याने मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "तू मोठ्यांच्या घरी जाणार."

तसंच झालं. मला त्याने कुलगुरूंच्या सभागृहात लावलं. गार हवा, जाड गालिचा, मोजकी माणसं आणि त्यातलीही निम्मी पेंगणारी. मी तेव्हा तरुण होते, पांढरीशुभ्र होते, आणि मला वाटायचं की मोठेपणा म्हणजे हाच. थंड राहायचं आणि काम थोडं करायचं. झाडणाऱ्या बायका मऊ फडक्याने माझं तोंड पुसायच्या. पाहुणे आले की कोणी तरी म्हणायचं, "इथे नेटवर्क फार छान आहे." मी दिवा लुकलुकवायची.

मग माझ्याहून पातळ, माझ्याहून चपळ अशी एक नवी पेटी आली आणि मला खाली उतरवलं. कोणी निरोपाचं भाषण केलं नाही. पासेकने मला काखेत मारलं आणि थेट या कॅन्टीनमध्ये आणलं.

कॅन्टीन मेन रिंतीचं. मेन म्हणजे आई. रिंती तिच्या थोरलीचं नाव, आणि आमच्याकडे बाईला पहिलं मूल झालं की ती त्याच्या नावाने ओळखली जाते. मेन रिंती चुलीपाशी उभी होती, हातात उलथणं, नजर माझ्यावर.

"काय आहे ते? धुराचं यंत्र?"

"वायफाय आहे, मेन," पासेक म्हणाला.

"त्याने पोरं जास्त खातील की कमी?"

"जास्त वेळ बसतील."

"म्हणजे टेबलं अडवतील. लाव बाबा, लावायचंच असेल तर. पण देव्हाऱ्याच्या वर नको. देवाच्या डोक्यावर कोणी बसायचं नाही, मग ते यंत्र असो की कुलगुरू."

म्हणून मी देव्हाऱ्याच्या शेजारी, पण चार बोटं खाली आहे. तेव्हा मला तो अपमान वाटला. गालिच्यावरून उठून मिरचीच्या ठसक्यात आलेली मी. माझ्या पाठीमागे एका पालीने संसार मांडला. फटीतून मुंग्या शिरल्या. तळणीचा धूर रोज माझ्या अंगावर बसायचा आणि पुसायला कोणी यायचं नाही.

पण मित्रांनो, खरं विद्यापीठ इथे आहे, हे मला आठवड्याभरात कळलं. बाकी सगळ्या इमारती जाड विटांच्या आणि कुलपांच्या. त्यांच्यातल्या पेट्यांचा आवाज त्यांच्याच भिंतीत विरतो. कॅन्टीनला मात्र भिंत एकच, बाकी तिन्ही बाजू उघड्या. माझा आवाज पार अंगणातल्या फणसाच्या झाडापर्यंत, मोटारसायकली लावतात तिथपर्यंत जातो. सकाळी केळीच्या पानातली भाताची पुडी सोडत मुलं यायची, आणि घास तोंडात जाण्याआधी त्यांचे फोन माझं दार वाजवायचे.

दार वाजवायचे म्हणजे काय, तेही ऐका. जो येतो त्याला मी नाव विचारते आणि पासवर्ड विचारते. खरा-खोटा मी ठरवत नाही. मुख्य खोलीत आमचा कारभारी आहे, एक भलंमोठं घुमणारं यंत्र. मी त्याला विचारते, तो हो म्हणतो किंवा नाही म्हणतो. हो म्हणाला की मी दार उघडते. एकदा ओळख पटली आणि फोनने ती लक्षात ठेवली, की पुढच्या वेळी पोराला बोटही हलवावं लागत नाही. तो फाटकातून आत आला की त्याच्या खिशातला फोन आपला आपण थाप मारतो आणि मी आत घेते. रोज किती थापा पडतात याचा हिशेब मी ठेवत नाही. जेवायला आलेल्यांची डोकी मोजू नयेत असं मेन रिंती म्हणते, आणि मला ते पटतं.

तिची माझी पहिली चकमक झाली ती कुरकुरीत पापडांच्या डब्यावरून. केवढा तो पत्र्याचा डबा. एके दिवशी तिने तो बरोबर माझ्या तोंडासमोर फळीवर ठेवला आणि अर्ध्या अंगणात अंधार झाला. म्हणजे ऊन होतं, पण नेटवर्क नव्हतं. मुलं ओरडू लागली. "मेन, तुमची पेटी झोपली." "मेन, तुमची पेटी म्हातारी झाली." सगळा दोष मला. शेवटी पासेक आला, त्याने डबा उचलून खाली ठेवला आणि म्हणाला, "हिच्यापुढे पत्रा नको, मेन. पत्र्यातून हिला बोलता येत नाही."

मेन रिंती माझ्याकडे बघत राहिली. "तोंडावर कोणी पत्रा धरला तर मलाही बोलता येणार नाही," ती म्हणाली. त्या दिवसापासून माझ्यासमोर तिने कधी काही ठेवलं नाही. सकाळी देव्हाऱ्यात फुलांची परडी ठेवताना पामच्या पानाची एक छोटीशी परडी माझ्या खालीही ठेवू लागली.  मला ते आवडलं.

आता ज्या गोष्टीसाठी तुम्हाला मान वर करायला लावली ती सांगते.

केर्ती नावाची एक मुलगी होती. पेनिदा बेटावरची. तिच्या घरी समुद्रात दोऱ्या बांधून शेवाळाची शेती. गेली काही वर्षं ते शेवाळ दोरीवरच पांढरं पडून गळायचं, आणि तिची आई रिकाम्या दोऱ्या ओढत किनाऱ्याला यायची. केर्ती इथे मासे आणि समुद्र शिकायला आली, ती एवढ्यासाठीच. शेवाळ का मरतं ते तिने शोधायला घेतलं होतं. पलीकडच्या सुलावेसी बेटावरच्या एका प्रयोगशाळेत पुढे शिकायला जागा होती. विद्यापीठातून एकाचाच अर्ज जाणार, शनिवारी दुपारच्या आत. आणि अर्जाचं ते पान असं तऱ्हेवाईक, की विद्यापीठाच्या स्वतःच्या नेटवर्कमधूनच उघडायचं. बाहेरून, फोनच्या नेटवर्कवरून कितीही ठोठावा, ते ओळखच द्यायचं नाही.

"नाही मिळाली जागा तर?" मेन रिंतीने तिला विचारलं होतं.

"तर मामाच्या हॉटेलात. येणाऱ्याला खोलीची किल्ली द्यायची, जाणाऱ्याकडून घ्यायची."

"हसावंही लागेल."

"हो. हसावंही लागेल."

"तुला जमायचं नाही," मेन रिंती म्हणाली आणि तिच्या भातावर जास्तीची चटणी टाकली.

शुक्रवारी सकाळी केर्ती लॅपटॉप घेऊन माझ्यासमोरच्या बाकावर बसली. तिचा जुना पासवर्ड संपला होता, म्हणून आल्या आल्या तिने नवा करून घेतला. बाई हुशार, शब्द बरोबर लिहिला. मी कारभाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, नाही. तिने परत लिहिला. परत नाही. दुपार झाली तरी नाहीच. ती माझ्याकडे अशी बघायची की मला माझ्याच दिव्याची लाज वाटावी.

"मेन, ही गेली कामातून," ती म्हणाली.

"तिला बोलू नकोस. सकाळपासून सगळ्यांना वाढते आहे ती. तुझंच ताट पालथं असेल."

मला ते दिसत होतं, पण सांगणार कशी? केर्तीच्या पिशवीत, वह्यांच्या खाली, काच फुटलेला एक जुना फोन होता. गाणी ऐकायला ठेवलेला. त्याला नव्या पासवर्डची खबरच नाही. तो बिचारा आपला जुनाच शब्द घेऊन दर थोड्या वेळाने माझं दार वाजवत होता. तिच्याच नावाने, चुकीच्या शब्दाने. आणि आमच्या कारभाऱ्याचा नियम असा, की एकाच नावाने सारख्या चुकीच्या थापा पडल्या, की तो त्या नावालाच कुलूप घालतो. मग खऱ्याचंही ऐकत नाही.

शेवटी तिने पासेकला बोलावलं. तो यायला चार वाजून गेले, कारण दुसऱ्या दिवशी सरस्वतीचा दिवस होता आणि सगळं विद्यापीठ फुलं-फळं रचण्यात गुंतलं होतं. त्याने लॅपटॉप पाहिला, मग विचारलं, "पिशवीत काय आहे?"

"वह्या. डबा."

"आणखी?"

"जुना फोन. तो नाही वापरत मी."

"तू वापरत नाहीस. तो तुला वापरतो आहे," पासेक म्हणाला. त्याने कुलूप काढायला लावलं आणि तिला समजावलं, "आता जुन्या फोनला सांग, हिला विसर. आणि लॅपटॉपला सांग, हिला लक्षात ठेव."

तिने तसं केलं. थाप पडली, कारभारी हो म्हणाला, मी दार उघडलं. मग ती बसली ती मान खाली घालून. अर्जाची एकेक ओळ भरली, तपासली. तिचं ते शेवाळाचं सगळं काम, चित्रांसकट, भलंमोठं गाठोडं, तिने शेवटी जोडलं आणि 'पाठवा' वर बोट ठेवलं. गाठोडं माझ्यातून जाऊ लागलं. अर्धं गेलं असेल.

आणि मेन रिंतीने माझी तार उपटली.

माझं जेवण आणि काम, दोन्ही एकाच तारेतून येतं. ती निघाली की मी आंधळी, बहिरी, मुकी. त्यामुळे पुढचं जे घडलं ते मला तार परत लागल्यावर, त्यांच्या बोलण्यातून कळलं. मेन रिंतीच्या मनात वाईट काहीच नव्हतं, उलट मानच होता. सरस्वतीच्या दिवशी आमच्याकडे सगळी पुस्तकं एकत्र रचतात, त्यांना वस्त्र नेसवतात, नैवेद्य दाखवतात, आणि पूजा होऊन तीर्थ शिंपडेपर्यंत कोणी एक अक्षर वाचत नाही की लिहीत नाही. त्या दिवशी पुस्तकांना विसावा. कॅन्टीनमध्ये दरवर्षी मुलं आपापली पुस्तकं आणून ठेवायची. त्या वर्षी पुस्तकं आली ती अगदी थोडी, एका हाताने उचलता येतील इतकी. मेन रिंतीने विचार केला, पोरं हल्ली पुस्तकं आणतात कुठे? यांचं सगळं या पेटीतून येतं. मग पुस्तक ते हेच. तिने मला पिवळं-पांढरं वस्त्र नेसवलं, खाली फळांची उतरंड मांडली, आणि पुस्तकाला विसावा द्यायचा म्हणून तार काढली.

मान खाली घालून बसलेल्या केर्तीला वाटलं वीज गेली. ती बराच वेळ थांबली. मग मेन रिंतीने दिवा लावला तेव्हा तिला कळलं की वीज होती, मी नव्हते. पण मेन रिंती म्हणाली, "आता उद्या पूजा झाल्यावर." आणि अशा वेळी तिच्यापुढे कोणी बोलत नाही.

शनिवारी सकाळी केर्ती आली ती देवळाला जायच्या कपड्यांत. पांढरा झगा, कमरेला पिवळा पट्टा, काखेत लॅपटॉप. विद्यापीठ बंद. वाचनालयाला कुलूप, कार्यालयांना कुलूप, सगळे संगणक फुलांखाली. टेकडीवरच्या देवळात मोठी पूजा चालू, आणि पुजारी तिथून निघून इमारती करत करत कॅन्टीनला येणार म्हणजे दुपार टळणार. अर्ज दुपारच्या आत जायला हवा.

ती कितीतरी वेळ माझ्यासमोर उभी राहिली म्हणे. तार लावायला हात पुढे केला नाही. तीही आमच्यातलीच. आज अक्षराला हात लावू नये, हे तिच्या आईनेही तिला लहानपणापासून सांगितलेलं. शेवटी ती चुलीपाशी गेली.

"मेन."

"भात तयार आहे. बस."

"भात नको. मेन, काल माझं अर्धं गेलं होतं, तेव्हा तुम्ही तार काढलीत."

मेन रिंतीचं उलथणं थांबलं. "अर्धं काय गेलं?"

"माझा अर्ज. सुलावेसीचा. आज दुपारपर्यंतच मुदत आहे."

"मग काल का नाही बोललीस?"

"तुम्ही पूजा मांडत होतात. देवाच्या कामात मध्ये कसं बोलायचं?"

"आणि आज लिहिणार? आजच्या दिवशी?"

"लिहायचं काही नाही. वाचायचंही नाही. लिहून कालच झालं आहे. लॅपटॉपला पेटीची ओळख लक्षात आहे, पासवर्डसुद्धा लिहावा लागणार नाही. पान उघडंच ठेवलं आहे. फक्त पाठवायचं आहे, मेन. एक बोट."

मेन रिंतीने चूल बारीक केली. ती आली आणि माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ही वाचते का?"

"कोण?"

"पेटी. तुमचं सगळं हिच्यातून जातं. ही वाचते का ते?"

"नाही. हिला वाचता येत नाही. सगळं बंद करून जातं. ही नुसती इकडचं तिकडे पोचवते."

"एक अक्षर येत नाही?"

"एकही नाही."

 बाजूला पिठाचे हात पुसत उभ्या असलेल्या मेन रिंतीच्या सुनेने पुढचं मला सांगितलं, म्हणजे तिने पासेकला सांगितलं आणि मी ऐकलं. मेन रिंती म्हणाली, "म्हणजे ही पुस्तक नाही. ही माझ्यासारखी आहे."

तिने माझ्या अंगावरच्या वस्त्राला हात लावला.

"मलाही एक अक्षर येत नाही. आज माझी चूल बंद आहे का? पूजेला आलेल्यांना जेवायला मीच घालणार ना? मग वाढणारीला बसवून ठेवलं कोणी?" ती सुनेकडे वळली. "मला अडवायचं नाहीस का, सटवे? फुलं-फळं रचत बसलीस."

"तुम्हाला कोण अडवणार?" सून म्हणाली.

मेन रिंती स्टुलावर चढली. वस्त्र काढलं, नीट घडी केली. फळं हलवली नाहीत. आणि तार लावली.

खरं सांगते मित्रांनो, जागी झाले आणि अंगावर वस्त्र नाही हे कळलं, तेव्हा मला वाईट वाटलं. सभागृहात असताना कोणी मला फूल वाहिलं नव्हतं. इथे मला देवीच्या पुस्तकाचा मान मिळाला आणि तो एका रात्रीत उतरवला. मी रुसून बसणार होते. पण मला जागं व्हायलाच वेळ लागतो, हल्लीच्या पेट्यांसारखी मी चटकन उठत नाही. माझा दिवा आधी तांबडा लुकलुकतो, मग थांबतो, मग विचार करतो. समोर एक मुलगी हात जोडल्यासारखी लॅपटॉप धरून बसलेली. आणि तिच्या शेजारी मेन रिंती, माझ्या दिव्याकडे बघत.

"उठ बाई," ती मला म्हणाली. "पंगत बसली आहे."

मग मी रुसले नाही. दिवा हिरवा झाला. थाप पडली, कारभारी हो म्हणाला, केर्ती आत आली. तिने एक बोट दाबलं. गाठोडं निघालं.

आणि लगेच अडकलं. कारण देवळातली पूजा आटोपून मुलं अंगणात उतरत होती. सगळ्यांच्या कमरेच्या पट्ट्यात फोन. कालपासून मुकी असलेली मी बोलू लागले, तसे ते सगळे फोन एकदम माझ्या दारावर. कोणाचे फोटो, कोणाचे निरोप, कोणाचं काही. मी सगळ्यांना वाढते, कोणाला नाही म्हणणं मला माहीत नाही. केर्तीच्या गाठोड्याला वाट मिळेना.

"थांबलं," केर्ती म्हणाली. तिचा आवाज एवढासा. "सगळ्यांचे फोन आले."

मेन रिंती पायरीवर गेली. ती मोठ्याने बोलत नाही. तिला तशी गरज पडत नाही.

"फोन बंद करा."

"मेन, फक्त एक फोटो—"

"गुस्ती, देवीच्या दिवशी तुझं तोंड बघितल्यावाचून जग राहील. बंद कर. सगळ्यांनी. पुरते बंद, खिशात घालून फसवायचं नाही. ही एका पोरीला वाढते आहे. तिचं झालं की तुमचं."

"किती वेळ?"

"माझा भात शिजायला लागतो तेवढा. ज्याला घाई आहे त्याने उपाशी जावं."

एकेक फोन विझत गेला. मी मोजत नाही म्हटलं, पण त्या दिवशी मला एकेक थाप उठून जाताना कळली. पहिल्या ओळीतला, मग फणसाखालचा, मग मोटारसायकलींपाशी लपून बसलेला एक. पांढऱ्या कपड्यांतली ती सगळी मुलं अंगणात चटईवर बसून राहिली, हात मांडीवर, जशी पूजेला बसतात तशी. माझ्या सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्या दारात एकच मुलगी होती.

मी तिचं गाठोडं उचललं आणि नेलं. आत शेवाळ होतं की काय होतं, मला काय माहीत. पण ते जड होतं, आणि मी ते सांडू दिलं नाही.

"गेलं," केर्ती म्हणाली. मग ती रडली, आणि मेन रिंतीने तिला भात वाढला.

पुजारी दुपार टळल्यावर आला. तीर्थाचं पाणी घेऊन माझ्याकडे वळला, तेव्हा मेन रिंतीने मध्ये हात घातला. "तिच्यावर नको, पाणी तिला बाधतं. तिच्या वाट्याचं माझ्या डोक्यावर टाका." पुजाऱ्याने टाकलं. ती चिंब झाली आणि तशीच वाढायला गेली.

केर्तीला जागा मिळाली. सुलावेसीला जाण्याआधी आईच्या हातचं शेवाळाचं गोड घेऊन ती आली, मेन रिंतीसमोर ठेवलं आणि थोडं माझ्या खालीही ठेवलं. पालीने खाल्लं.

त्याला आता बराच काळ लोटला. माझा रंग आणखी पिवळा झाला. अंगणापलीकडे नव्या इमारतीत नव्या पेट्या बसल्या, आणि मुलं म्हणतात की त्या फार वेगवान आहेत. असतील. पासेकचे केस पांढरे झाले आणि तो दरवर्षी मला बदलायचं म्हणतो. मेन रिंती दरवर्षी त्याला म्हणते, "आधी मला बदल, मग हिला." सरस्वतीच्या दिवशी ती मला आता वस्त्र नेसवत नाही. खाली फळं मांडते, आणि तार तपासून बघते की घट्ट बसली आहे ना.

मागच्या सरस्वतीला एक बाई फाटकातून आत आली. ती पायऱ्या चढण्याआधीच तिच्या पिशवीतल्या फोनने माझं दार वाजवलं. नाव ओळखीचं, शब्दही ओळखीचा. मी कारभाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, ही इथली विद्यार्थिनी आता नाही, नाव केव्हाच काढलं. नियम तो नियम. दार मला बंदच ठेवावं लागलं.

"काय गं," मेन रिंती म्हणाली, "ओळखलं नाही का तुला पेटीने?"

"नाही," केर्ती हसत म्हणाली. "आत घेत नाही मला."

"मग तिचं नाव फोनमधून काढून टाक."

"काढायचं नाही मला. असू दे."

मित्रांनो, तुम्हाला माझं मागणं थोडं आहे. महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने माझं तोंड पुसा. माझ्यापुढे पत्र्याचा डबा ठेवू नका, माझ्या तारेला टोप्या अडकवू नका. जुना फोन पिशवीत विसरलात तर त्याचा राग माझ्यावर काढू नका. आणि समोरच्या बाकावर एखादा पोरगा किंवा पोरगी घामाघूम होऊन 'पाठवा' वर बोट ठेवून बसली असेल, तर तुमचा फोटो थोडा वेळ थांबवा. मी सगळ्यांना वाढते, पण हात माझे दोनच आहेत असं समजा.

केर्तीला मी आत घेतलं नाही, हे खरं. पण ओळखलं नाही असं कोणी म्हणू नये. वाचता मला येत नाही, थाप मात्र मी विसरत नाही.